अड्याळच्या बाजाराची खोली

४ सप्टेंबर
व्हिडिओ कॉलवर यंत्राने आज पुन्हा माझा डावा कान खाल्ला. मागचं अस्ताव्यस्त कपाट दिसू नये म्हणून पार्श्वभूमी धूसर करावी, तर कपाट राहतं आणि कान जातो. श्रवण हीच ज्याची उपजीविका, त्याने कर्णहीन अवस्थेत समुपदेशन करावं, ही विटंबना कोणत्या शास्त्रात बसते? सौ. म्हणाली, "घरात कुठं ऐकता तसंही?" तक्रार निकाली.

आज पडद्यावर तिघे. आंबागडचा वनमजूर मोकळा बोलला. फोन नसता तर इतक्या लांब आलाच नसता. कोंढ्याची क. मात्र दहा मिनिटांत संपली. "सगळं ठीक आहे, सर."

७ सप्टेंबर
खोली आठवत राहिली. कापडाच्या दुकानावरची. दर आठवडी बाजाराला तिथं समुपदेशनाला बसायचो. जिन्यात चपला, दारात पिशव्या, पिशवीतून डोकावणारी मेथी. पोटातलं लेकरू गेल्यावर क. तिथंच पहिल्यांदा बोलली. रडून झालं की डोळे पुसून विचारायची, "टमाटर कसे देऊन राहिले, सर?" मला भाव पाठ असत.
ती खोली सोडून 'आता घरबसल्या!' हा निरोप मीच सगळ्यांना धाडला. शार्दूलविक्रीडिताच्या थाटात.

११ सप्टेंबर
क. पडद्यावर: अर्धं कपाळ, पूर्ण पंखा. झोप? "ठीक." जेवण? "ठीक." तेवढ्यात बाजूने आवाज, "भाजीत मीठ नसते, तेही सांग सरले!" सासूबाई. दिसत नाहीत, पण सर्वत्र आहेत. शाळेत संस्कृतच्या वर्गात ब्रह्म मी याहून वाईट शिकवलं होतं. मी हसलो. क. नाही.

१३ सप्टेंबर
क.चा फोन, तलावाच्या पाळीवरून. धुणं घेऊन आलेली. वारा फार.
"खोली काहून सोडली, सर? पहिले मी बाजाराच्या नावानं निघत होती. आता सासू म्हणते, सर फोनवरच भेटून राहिले, मंग कायले जातेस अड्याळले? बाजार आता नवराच आणते." मग, "सहा महिने झाले. गावाबाहेर पाय नाही पडला माझा."
'आवाज तुटतोय' म्हणत नेटवर्कवर ढकलावं, असं क्षणभर...

१४ सप्टेंबर
अड्याळ. खोलीत कापडाचे खोके. दुकानदार: "तुम्हीच म्हणत होते ना गुरुजी, जमाना बदलला!"
"चुकलो."
"मंग बसा ना बाजाराले. खोके सरकवतो."

१८ सप्टेंबर
पडद्याबाहेरच्या कानांसाठी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "हे फोनवर जमायचं नाही. दर बाजाराला अड्याळच्या खोलीवर यावं लागेल."
क.चे डोळे वर आले. तोच सासूबाई, "इतकं वाढलं का हिचं? येडीबिडी तर नाही ना झाली?"
"तसं नाही, आई..." फोन कटला. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे.

२५ सप्टेंबर
बाजार. खोलीत बसलो. जुने दोघे आले. एकाने पिशवीतून काकडी काढून दिली. जिना वाजला की मान वळत होती. टमाट्याचा भाव सकाळीच विचारून ठेवला होता.
क. आली नाही. फोन बंद.
खरं लिहायचं तर, माझ्या बोलण्यानं तिला कधी बरं वाटलं, मला ठाऊक नाही. बाजाराला येऊन वाटत होतं. ते मी माझ्या सोयीसाठी बंद केलं. आणि आता तिला वेडी ठरवायला त्या घरात 'फोनवर जमायचं नाही' हा माझाच शब्द वापरत असतील, याची भीती वाटते.