हवा श्वास घेतो

श्रीमती एन्दाह यांस,

जावाहून आमच्या बालीतील शाळेत आपण संगीत शिकवण्यास आलात, तेव्हा आपणांस कायम करावे की नाही, हा निर्णय मुख्याध्यापकांनी माझ्यावर सोपवला. पहिल्याच तासाला कांस्यपट्ट्यांच्या जोडवाद्यांवर सूरमापक धरून आपण म्हणालात, "गुरुजी, यातलं एक चढं आहे. कानस मारू का?"

"मारा की. मग त्याचा अंत्यविधीही तुम्हीच उरका."

जोडीतला तो फरक आमच्याकडे मुद्दाम राखतात, हे आपणांस ठाऊक नव्हते; माझा नकार तेव्हाच ठरला होता.

काल आपण म्हणालात, "गुरुजी, एकावर तुम्ही वाजवा, दुसऱ्यावर मी. एकच सूर." दोन्ही आघात एकत्र पडले आणि त्या किंचित फरकातून उठलेली लाट वर्गभर थरथरत राहिली. डोळे मिटून, आमच्या भाषेत नेहमीप्रमाणे चुकत, आपण म्हणालात, "गुरुजी, हवा श्वास घेतो."

जन्मभर मी ती लाट शिकवली. तिच्यातला श्वास मात्र काल प्रथम ऐकला. व्याकरण सुधारण्यासाठी उघडलेले तोंड मी तसेच मिटले.

आपणांस कायम करावे, ही जोडी फोडू नये, असे आज मुख्याध्यापकांना कळवले आहे.

हे पत्र मात्र घरीच राहील. ‘घेतो’ खोडवत नाही, आणि माझ्या हातचे अशुद्ध धाडवत नाही.

आपला सहशिक्षक,
नेंगाह सुवेता