भूविज्ञान हा किरकोळ विषय

१ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ९
आजपासून अभ्यास. परीक्षा ७ मार्चला. विषय एकच, भूविज्ञान. दहावीचे बाकीचे विषय मी सव्वीस वर्षांपूर्वीच काढले होते. हा एवढा राहिला तो पेपर तपासणाऱ्याच्या चुकीमुळे. आता मालक म्हणतात, शोरूमचा मॅनेजर व्हायचं असेल तर दहावी पासचा कागद आणा. बावीस वर्षं मी या माणसाच्या दुकानात दगड विकतोय. मार्बल, ग्रॅनाइट, फरश्या, पायऱ्या. आणि आता मीच दगडांची परीक्षा द्यायची. आचाऱ्याला भूक म्हणजे काय ते लिहून दाखव म्हणण्यातला प्रकार.

पुस्तक चाळलं. चौदा धडे, निम्मी जागा चित्रांनी खाल्लेली. दिवसाला एक धडा. चौदा दिवसांत खल्लास. उरलेले वीस दिवस रिव्हिजन आणि आराम.

दुपारी १:३०
टाइमटेबल तयार. चार रंगांची पेनं वापरली. हिरवा म्हणजे झालेला धडा, लाल म्हणजे न झालेला. लाल पेन लागणार नाही, बायकोला देऊन टाकलं.

२ फेब्रुवारी
दुकानात गर्दी. धडा पहिला उद्या. उद्या दोन होतील.

४ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
घरात नवीन नाटक. सासूबाईपण हीच परीक्षा देतायत. वय बासष्ट. गेली दोन वर्षं दर रविवारी त्या पिशवी घेऊन कुठे जातात हे मी कधी विचारलं नव्हतं. भाजी आणायला जात असतील असं वाटायचं. बायको म्हणाली, मोठ्या माणसांसाठी शाळेत वर्ग चालतो, तिथे जाते आई, एकेक विषय सुटत आलाय, आता हाच उरलाय. म्हणजे त्यांचाही एकच विषय राहिलाय आणि माझाही. पण त्यांचा राहिलाय, माझा अडकलाय. फरक आहे.

सासूबाई आयुष्यभर शिलाई करत आल्या. अजूनही खिडकीशी मशीन आहे, लोक पॅंट आखूड करायला आणून देतात. आता या बाईंना ज्वालामुखी कशाला हवा, असं मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, तुम्हाला तरी कशाला हवाय. बोलण्यात अर्थ नव्हता.

५ फेब्रुवारी
सासूबाईंना मार्गदर्शन करायचं ठरवलं. शिकवल्याने आपलाही अभ्यास होतो. शिवाय घरात एक तरी जाणकार माणूस आहे याचा त्यांना उपयोग व्हावा. त्यांनी विचारलं, जावईबापू, ऋतू कशाने होतात हो. मी पुस्तक न उघडता सांगितलं. पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा, लांब गेली की थंडी. शेकोटीचं उदाहरण दिलं. त्यांनी मान हलवली आणि मशीनवर बसल्या.

दहा मिनिटांनी मशीन थांबलं. त्या म्हणाल्या, मग आपल्याकडे उन्हाळा असतो तेव्हा पृथ्वीच्या खालच्या अंगाला थंडी कशी काय असते, तेही तेवढंच जवळ असतं ना. मी म्हटलं, हे पुढच्या वर्गात येतं. त्या म्हणाल्या, पुस्तकात पान बावन्नवर आलंय, पृथ्वीचा आस कललेला आहे म्हणून होतं असं लिहिलंय. मी पाहिलं. लिहिलंय खरं. छपाईची चूक. सरकारी पुस्तकांत असतातच.

८ फेब्रुवारी, रविवार
सासूबाई म्हणाल्या, माझ्याबरोबर वर्गाला चला. मी गेलो नाही. तिथे शिकवणाऱ्या सरांना मी एकदा पाहिलंय. बाटलीच्या बुडासारखा चष्मा. मी त्यांना भिंग म्हणतो. ज्याला समोरचा माणूस दिसत नाही तो मला पृथ्वीच्या पोटातलं काय दाखवणार.

झालेले धडे: शून्य. पण वातावरणनिर्मिती चांगली झालीय.

११ फेब्रुवारी
धडा पहिला, पृथ्वीचे थर. वाचायला घेतला. कवच, प्रावरण, गाभा. सोपं आहे. तिसऱ्या ओळीवर डोळा लागला. सोप्या गोष्टींनी मला झोप येते, हा बुद्धीचा प्रश्न आहे.

सासूबाईंनी उरलेल्या कापडाचे तुकडे घेऊन थर केले आणि भिंतीला टाचणीने लावले. सगळ्यात वर अस्तराइतकी पातळ पट्टी, ते कवच. मला म्हणाल्या, एवढ्याशा पट्टीवर आपण सगळे उभे आहोत, विचित्र वाटतं नाही. मी म्हटलं, परीक्षेला कापड नेता येत नाही.

१४ फेब्रुवारी
टाइमटेबलप्रमाणे आज सगळं पुस्तक संपणार होतं. टाइमटेबल नव्याने आखलं. दिवसाला दोन धडे. हेही आरामशीरच आहे. लाल पेन बायकोकडून परत मागितलं. तिने किराणाच्या यादीला वापरून संपवलं होतं. या घरात शिक्षणाला किंमत नाही.

१७ फेब्रुवारी, सकाळी ८:२०
भूकंप. घाईत लिहितोय. आंघोळ करून टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तर भांडी वाजायला लागली, फरशी थरथरली, आरसा हलला. मी तत्काळ पाहणीसाठी रस्त्यावर धावलो. तीव्रता माझ्या अंदाजाने साडेचार.

सकाळी ८:४५
रोड रोलर होता म्हणतात. कोपऱ्यापर्यंत डांबर टाकतायत. रोलर चालवणारा थांबून माझ्याकडे बघत होता. समोरच्या बिल्डिंगच्या तीन गॅलऱ्यांतूनही लोक बघत होते. एका बाईने विचारलं, काका, पाणी गेलं का. मी टॉवेल घट्ट केला.

घरात आलो तर सासूबाई मशीनवर दोरा ओवत होत्या. त्यांना खिडकीतून रोलर दिसत होता, हे त्यांनी मला आधी सांगायला हवं होतं. त्या म्हणाल्या, सांगणार होते, पण तुम्ही जिन्यावर पोचला होतात. मग पुस्तक उघडून म्हणाल्या, खरा भूकंप झाला तर धावायचं नाही, मजबूत टेबलाखाली बसून टेबलाचा पाय धरायचा, पान एकोणसत्तर. बायको तोंडाला पदर लावून आत गेली. माझ्या बाजूने विचार केला तर माझी प्रतिक्रिया जलद होती, एवढं कोणीच म्हणालं नाही.

२० फेब्रुवारी
दुकानात कटकट. डॉक्टरीणबाई आल्या. जानेवारीत मी त्यांना किचन ओट्यासाठी पांढरा दगड दिला होता. मी सांगितलं होतं, हा पांढरा ग्रॅनाइट आहे, पिढ्यान्‌पिढ्या काही होणार नाही. आता त्या म्हणतात, लिंबू कापलं तिथे तिथे डाग पडलेत, पॉलिश उडालंय, हात फिरवला तर खरखरीत लागतं. मी त्यांना समजावलं की लिंबाचा वापर थोडा जास्त होतोय. त्या मालकांकडे गेल्या. मालकांनी मला आत बोलावून विचारलं, मार्बलला ग्रॅनाइट कोण म्हणतं. मी म्हटलं, साहेब, दगड तो दगड. त्यांनी दोन सॅम्पल उचलून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाले, परीक्षा पास व्हा, मग बोलू.

संध्याकाळी
घरी कोणाला काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. बायकोने तोंड बघूनच काढून घेतलं. सासूबाईंनी माझ्या बॅगेतले सॅम्पलचे तुकडे मागितले. पांढऱ्या तुकड्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला. बारीक बुडबुडे आले. ग्रॅनाइटच्या तुकड्यावर टाकला, काही नाही. त्या म्हणाल्या, हा चुनखडकापासून झालेला रूपांतरित खडक, आम्लाने झिजतो; तो अग्निजन्य, त्याला काही होत नाही. पान एकतीस. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, टोचून नाही. म्हणूनच जास्त लागलं.

बावीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नाही. पुस्तकात आहे तर पुस्तकाने पुढे येऊन सांगायला नको का.

२२ फेब्रुवारी
आज नेट लावून अभ्यास. सहाला उठणार होतो. साडेनऊला उठलो, पण ताजातवाना. सासूबाई वर्गाला गेल्या होत्या. एकांत मिळाला. पेनांची टोपणं साफ केली.

२७ फेब्रुवारी
जेवताना मी सहज म्हटलं, आई, तुम्हाला या वयात हा त्रास कशाला, तुम्हाला कुठे नोकरी करायचीय. त्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. म्हणाल्या, पंधराव्या वर्षी परीक्षेला तीन आठवडे असताना माझी आई गेली. पाठची चार भावंडं होती. फॉर्म भरलेला होता, नंबर आला होता, हॉल कुठला तेही कळलं होतं. परीक्षेच्या दिवशी मी धाकट्याला दूध पाजत बसले होते आणि शाळेची घंटा घरापर्यंत ऐकू येत होती. मला एकदा आत बसून ती घंटा ऐकायचीय.

मग त्यांनी बायकोला आणखी एक पोळी वाढायला सांगितली, मला.

बोलण्यासारखं खूप होतं, पण घास तोंडात होता.

३ मार्च
चार दिवस उरले. झालेले धडे: दीड. घाबरण्याचं कारण नाही. पेपरात शंभर मार्कांपैकी पस्तीस पुरतात, म्हणजे चौदापैकी पाच धडे. त्यातला खडकांचा मी कोळून प्यायलोय. भरतीओहोटी सामान्यज्ञान. पाऊस कसा पडतो हे कोणालाही माहीत असतं. हिशेबाने मी पास झालेलोच आहे.

सासूबाईंनी विचारलं, पर्वत कसे होतात ते सांगू का. मशीनवर पसरलेलं कापड त्यांनी दोन्ही हातांनी दोन बाजूंनी आत सरकवलं, मध्ये चुण्या उठल्या. भूपट्ट असेच एकमेकांवर रेटतात म्हणाल्या. मी म्हटलं, बघतो नंतर. क्रिकेट चालू होतं.

७ मार्च, सकाळी १०:१५, परीक्षा केंद्र
गेटवर उभा आहे. सासूबाईंना धीर द्यायला सांगितलं, अवघड वाटलं तर घाबरू नका, मी तीन खोल्या सोडून आहे. त्यांनी इस्त्रीची साडी नेसली आहे. हॉलतिकीट दोन्ही हातांनी धरलंय, जसं काही ते वाऱ्याने उडेल. घंटा झाली तेव्हा त्या जागच्या जागी थांबल्या, डोळे मिटले, मग आत गेल्या. मी चपलेचा पट्टा दोनदा काढून लावला. सैल झाला असावा.

दुपारी ३
पेपर उत्तम. ऋतूंचा प्रश्न आला. मी माझंच उत्तर लिहिलं आणि खाली टीप दिली की पान बावन्नवरची चूक सुधारून घ्यावी. पृथ्वीच्या थरांच्या आकृतीचा गोल हॉलतिकिटाच्या मागे पाणी प्यायचा ग्लास ठेवून काढून पाहिला आणि मग पेपरवर असा उतरवला की बाजूचा बघत राहिला. थरांना नावं दिली: कवच, ग्रॅनाइट, आग. भूकंपाच्या वेळी काय कराल, यावर स्वानुभवाने दीड पान. खडकांचे प्रकार विचारले होते तीन, मी अकरा लिहिले, दुकानातले सगळे. किमान सत्तर.

सासूबाई बाहेर आल्या तेव्हा बोटांना शाई लागलेली. कसा गेला विचारलं तर म्हणाल्या, दोन मार्कांचा एक सुटला. मी त्यांच्या पाठीवर सांत्वनाचा हात ठेवणार होतो, पण त्या हसत होत्या.

१८ एप्रिल, सकाळी ११:१०
निकाल. मोबाइलवर उघडत नाही. सर्व्हर स्लो.

सकाळी ११:४०
सासूबाई ब्याऐंशी. बायको रडतेय. सासूबाई रडत नाहीयेत. मशीनवरचं अर्धवट काम बाजूला ठेवून नुसत्या बसल्यायत, हात मांडीवर. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दिवसाउजेडी काही न करता बसलेलं पाहिलं.

दुपारी १२:०५
मी तेवीस. सर्व्हरची चूक वाटली म्हणून तीनदा पाहिलं. तीनदा तेवीस. फेरतपासणीसाठी अर्ज करणार.

संध्याकाळी
मालकांना फोन केला. म्हणाले, जुलैला पुन्हा परीक्षा असते ना, तोवर खुर्ची रिकामी ठेवतो. मी आभार मानायला तोंड उघडलं तर म्हणाले, तोवर तिच्यावर सॅम्पलचे खोके ठेवा, जागा वाया नको.

२९ एप्रिल
फेरतपासणीचा अर्ज केला नाही. बायकोने विचारलं, नक्की कुठला प्रश्न जास्त मार्कांचा वाटतोय तुम्हाला. विचार करतोय अजून.

३ मे, रविवार, सकाळी ८
जुलैच्या परीक्षेसाठी भिंगांच्या वर्गात नाव घातलं. सासूबाई साडेसातलाच पिशवी घेऊन गेल्या. पास झाल्यावर आता काय काम असेल, विचारलं नाही. मागच्या बाकावर बसायचं, सरांच्या चुका टिपून ठेवायच्या, असं धोरण आहे.

सकाळी ११
नापास झालेले एकूण एक्केचाळीस निघाले. सरांना एकट्याला झेपेना, म्हणून त्यांनी दोन गट केले. भूविज्ञानाचा गट केंद्रात पहिल्या आलेल्या विद्यार्थिनीकडे दिला.

मी उशिरा पोचलो. फक्त पुढचा बाक रिकामा होता. फळ्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं: धडा पहिला, पृथ्वीचे थर. फळ्यापुढे इस्त्रीच्या साडीतली पाठ. त्या वळल्या. मला पाहून हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. रजिस्टर उघडलं आणि हजेरी घ्यायला लागल्या. माझा नंबर सतरा होता. सतरा त्यांनी दोनदा म्हटलं. मागून कोणीतरी मला बोटाने ढोसलं.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, हजर, बाई.