बाईंचा ओव्हरकोट आणि दोन तोकडे स्वर

बाई, तुमचा मॉस्कोचा ओव्हरकोट मी टेक्ससमध्ये झिजवलाय. बाहेर अंगाची काहिली होते आणि विद्यापीठाच्या वर्गात एसी असा की दात वाजतात. पुण्याहून निघताना तुम्ही तो माझ्या हातात ठेवलात, तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते, कारण मी निघाले होते टेक्ससच्या उकाड्यात, शुगर लँडला. "असू दे, लागेल," एवढंच तुम्ही म्हणालात.

रशियन तुम्ही शिकवलंत ते तुमच्या स्वयंपाकघरात, पोळ्या लाटता लाटता. लिपी हातात बसल्यावर एक दिवस तुम्ही रशियनांची जुनी भाषा काढलीत. पीठ पसरलेल्या ओट्यावर तुम्ही बोटाने एक शब्द लिहिता आणि म्हणता, "हा त्यांचा दिनि. आपल्या दिनाचा सख्खा चुलतभाऊ." त्यातले दोन्ही इकार इतके तोकडे, की पुढे पहिल्याचा ए झाला आणि शेवटचा बोलण्यातून गेलाच. आजच्या रशियनमध्ये त्याचं अक्षर तेवढं उभं आहे, स्वतःचा आवाज नसलेलं. मी तो जुना शब्द घाईत वाचून पुढे सरकते, तर तुम्ही लाटणं आपटता. "थांब. पुढे तो गेला, म्हणून तू त्याला आत्ताच हाकलायचं नाहीस. म्हण पुन्हा." मला रडू फुटलं. मग तुम्ही गरम पोळी वाढलीत, तूप जरा जास्तच घालून.

तीच जुनी भाषा मी इथे विद्यापीठात शिकवत होते. यंदा विभागप्रमुखांनी सांगितलं, चारच मुलं आहेत, फॉलच्या सत्रापासून हा वर्ग बंद. मी भांडले, अर्ज केले, उपयोग झाला नाही. नवरा म्हणाला, "कॅन्सल केलाय ना, मग सोड ना यार. सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स कर, लगेच जॉब मिळेल." लेकीने दूध-सीरियलच्या बाऊलमधून मानही वर न करता विचारलं, "आई, नोबडी इव्हन सेज दोज व्हॉवेल्स. व्हाय बॉदर?" तिला मराठी सगळं कळतं, बोलत मात्र नाही, आणि हे तिने विचारावं याचा मला भयंकर राग आला. त्याच रागात ठरवलं, वर्ग बंद होणार नाही, फक्त जागा बदलेल. दर शनिवारी सकाळी, माझ्या स्वयंपाकघरात, फुकट.

गेल्या शनिवारी तिघं आली. मी ओट्यावर कणीक पसरली, बोटाने तो शब्द लिहिला आणि सावकाश म्हटला. लेक बाऊल घेऊन दारात उभी होती. जाईल असं वाटलं, पण गेली नाही. "से इट अगेन," म्हणाली. मी पुन्हा म्हटला. लेक नाही आली तरी पुढच्या शनिवारी वर्ग आहे, एकच मूल आलं तरी आहे.

हे पत्र तुमच्याच कोटाच्या खिशात राहील. एक मात्र सांगून टाकते. तो स्वर नेमका कसा होता, हे कुणालाच ठाऊक नाही, आणि इथल्या पुस्तकांच्या मते तुमचा उच्चार जरा जास्तच पुणेरी होता. मुलांना मी तोच शिकवते, बाई. दुरुस्त करणार नाही.