आठ पाय

प्रिय नगला,

माझं अक्षर ओळखून तू हे फाडायला घेशील. फाड, पण वाचून झाल्यावर.

मी अजून दमनहूरच्या त्याच कीटकनाशकांच्या दुकानात आहे. लोक फोनवर फोटो पाठवतात, मी किडा ओळखते आणि औषध सांगते. काल एकीने मुलाच्या उशीवरचा काळा ठिपका पाठवला. रडत होती बिचारी. मी म्हटलं, "बाई, तांदळातला सोंडा आहे हा, चावत नाही." फोटो मोठा करायचा आणि पाय मोजायचे. ढेकणाला सहा, गोचिडीला आठ.

तुझ्या फोटोतलेही मी मोजले होते.

माझ्या भावाशी तुझं लग्न होऊन पाच आठवडे झाले होते. रोज सकाळी तुझ्या दंडावर लाल गांधी उठायच्या, आणि आई शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणायची, "माहेरून काय काय घेऊन आली कुणास ठाऊक." तू गुपचूप मला फोटो पाठवलास. खाली लिहिलंस, "ताई, हे काय आहे? तुम्हाला कळेल." घरात तुझा विश्वास होता तो माझ्या एकटीवर.

ती कबुतराची गोचीड होती. गच्चीवरच्या खुराड्यातली. तुमच्या पहिल्या रात्रीच्या जेवणासाठी आईने सगळी कबुतरं कापली, भात भरून तुमच्यापुढे ठेवली. खुराडं रिकामं पडलं, तशा उपाशी गोचिडी फटीफटीतून खालच्या खोलीत उतरल्या. त्या खोलीत मी वीस वर्षं झोपले, मला एकही चावली नव्हती. खोली तुम्हाला दिली आणि मला आईच्या पायथ्याशी सतरंजी मिळाली. रिफतने, माझ्या भावाने, एवढंही विचारलं नाही, की ताई, तू कुठे झोपणार?

आईने विचारलं होतं मला. "वरच्या खुराड्यातून तर येत नसतील?" मी फोन तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, "ढेकूण आहेत. तिच्या माहेरच्या गादीच्या कापसातून आलेत."

तुझ्या वडिलांनी दारात पिंजारी बसवून करून घेतलेली ती गादी भर दुपारी गल्लीत जळली. बायका नाकाला पदर लावून उभ्या होत्या. रिफत खिशात हात घालून बघत राहिला. तू माझ्याकडे पाहिलंस. तुला वाटलं असेल, ताई काहीतरी बोलेल. मी बादली भरून आणली, शेजारच्या दारापर्यंत आग जाऊ नये म्हणून. तुला नुकतेच दिवस गेले होते. संध्याकाळी तुझे वडील तुला घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी मी एकटीने गच्चीवर जाऊन खुराड्यात औषध मारलं. आठवडाभराने माझी खोली मला परत मिळाली. नगला, मी त्या खोलीत छान झोपले. खोटं कशाला लिहू?

तुझी मुलगी, शहद, सहा वर्षांची झाली म्हणे. मी तिला पाहिलेलं नाही.

आता रिफतला ती हवी आहे. त्याने दावा लावलाय, तुला माहीत आहेच. तुला माहीत नाही ते हे, की वकील म्हणतो, या बाईचं घर घाणेरडं, लग्नातही ढेकूण घेऊन आली होती, आणि त्याची साक्षीदार मी. जाणकार म्हणून. मंगळवारी मला बोलावलंय. मी तिथेही ढेकूणच म्हणणार. खरं बोलले तर आई मला त्याच दिवशी घराबाहेर काढील, आणि पन्नाशीत मी कुठे जाऊ? आईच्या तोंडावर खरं बोलायचं धैर्य माझ्यात नाही, आणि तू ते मागायला येऊ नकोस. म्हणून हे पत्र. तुझा तो फोटो सोबत जोडलाय. खाली माझं पूर्ण नाव, ओळखपत्राचा क्रमांक आणि अंगठा आहे. माझं बोलून होऊ दे, शपथेसकट. मग हे न्यायाधीशांपुढे ठेव; पुढे माझं व्हायचं ते होवो.

तुझीच,
विदाद