तिला शिकवलंत ते बोलणं

बाबा, परवा तुमच्या त्या विद्यार्थिनीनं मला हरवलं, आणि तेही तुमच्याच पद्धतीनं.

साताऱ्याकडची ती. तुमची चंडीगडला बदली झाली त्या वर्षी हवाई दलात नवी आली होती. कुठे व्याख्यान द्यायचं असलं की रविवारी सकाळी आपल्या क्वार्टरवर तालमीला यायची. आई पोहे परततेय, तुम्ही टेबलाशी बसलेले, ती फ्रिजसमोर उभी. "मी शेवटच्या रांगेत बसलोय आणि मला झोप येतेय," तुम्ही म्हणता, "आता मला जागं कर." ती सुरुवात करते, तुम्ही थांबवता, ती पुन्हा सुरुवात करते. भिंतीशी बोलू नकोस, आकडे नंतर, आधी माणूस सांग. मी कोथिंबीर निवडत सगळं ऐकत असायची. पुढे कॉलेजातल्या माझ्या पहिल्या सेमिनारआधी मीही कागद घेऊन तिथेच उभी राहिले. तुम्ही एकदाही थांबवलं नाहीत. "छान आहे. तुला काय गरज?" म्हणालात आणि पेपर उघडलात. तिच्यासाठी सगळी सकाळ होती तुमच्याकडे.

तुम्ही वारल्यावर मी इथे चंडीगडलाच राहिले, उपकरणांच्या प्रयोगशाळेत लागले. तान्ह्या बाळाचा श्वास अडकला तर इशारा देणारं यंत्र आमच्या गटानं बनवलंय. तीही हवाई दल सोडून आता मोहालीच्या एका कंपनीत असते, आणि तिचंही तसंच यंत्र आहे. हॉस्पिटलच्या सभागृहात दोघींनी डॉक्टर आणि नर्सेससमोर बोलायचं होतं. वॉर्डात आधी कुणाचं लावायचं, ते त्यावरच ठरणार होतं.

ती आधी बोलली. पडदा कोराच ठेवला. पुढे बसलेल्या एका सिस्टरना हिंदीत विचारलं, बाळाचा श्वास थांबला तर तुम्हाला सगळ्यात आधी काय हवं असतं? सिस्टर म्हणाल्या, दुसऱ्या बाळाजवळ असले तरी ऐकू येईल असा आवाज. मग ती थांबली. बाबा, ते थांबणं तुमचं होतं, हनुवटी जराशी खाली घेऊन. मग तिनं यंत्राचं बटण दाबलं आणि सगळं सभागृह दचकलं. माझी वेळ आली तेव्हा मी पडद्याकडे तोंड करून आलेख वाचत सुटले. आमच्या यंत्राचे खोटे इशारे तिच्यापेक्षा कमी आहेत, पण तिथवर पोचेपर्यंत एक मोठे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, नतीजे पे आ जाइए."

तिचं यंत्र घेतलं. आमचं नंतर बघू म्हणाले.

चहाच्या वेळी ती मुद्दाम माझ्याकडे आली. मला तिथून निघून जायचं होतं. ती म्हणाली, "सर तुमच्याबद्दल फार बोलायचे. म्हणायचे, तुझ्या चुका मला लगेच दिसतात, पण घरची पोरगी बोलायला लागली की मी नुसता ऐकत बसतो, चूक दिसतच नाही."

तिला वाटलं मला बरं वाटेल. मला वाटलं, हेसुद्धा तिलाच सांगितलंत. इतकी वर्षं ते तिच्याकडे राहिलं, आणि मी मात्र त्या उघडलेल्या पेपरावरून तुमच्यावर रुसून बसले.

हे कुणाला पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. तिला म्हटलं, इथे फार गोंगाट आहे, नीट ऐकू आलं नाही. तिनं ते सगळं पुन्हा सांगितलं. खरं तर मला पहिल्या वेळीच नीट ऐकू आलं होतं.