धूर कोणाच्या खात्यात?

३ मे
थंडी सुरू झाली आणि डोरीनचा दमा यंदा लवकर उठला. सकाळी दरीत इतका धूर, की समोरचं चर्च दिसेना. सगळा त्या लाकूड-गिरणीचा प्रताप! डोरीन म्हणाली, बहिणीकडे समुद्रकाठी जाते. मी म्हटलं, थोडं थांब, सरकारला कामाला लावतो. ती बॅग भरतच राहिली. संकल्प: हवा साफ करून बायको परत आणायची.
निजताना शेगडीत जाड ओंडका टाकला, हवा आत सोडणारी खिटी बंद केली. असा ओंडका सकाळपर्यंत धुमसतो. वडिलांची शिकवण.

६ मे
गावच्या काउन्सिलमध्ये गेलो. काउंटरवरची बाई म्हणाली, कारखान्यांचा धूर राज्य सरकारकडे. आमच्याकडे फक्त घरांची धुराडी. घरांचं कोण विचारतंय!

१४ मे
सिडनीला फोन. राज्याच्या माणसानं सांगितलं, ती गिरणी दुरुस्तीसाठी मार्चपासून बंद आहे. तुमचा धूर घरांचा असणार, काउन्सिलला विचारा. बंद गिरणी एवढा धूर करते, तर चालू असताना काय करत असेल?

२२ मे
थेट राजधानी कॅनबेराला फोन. केंद्राचं म्हणणं, हवा किती स्वच्छ हवी ते आम्ही ठरवतो, मोजायचं राज्यानं. राज्याचं यंत्र डोंगरापलीकडच्या शहरात. तिथली हवा उत्तम आहे म्हणे. त्यांचं अभिनंदन केलं, रागानं.
लाकडं संपत आली. नवी ओलीच मिळाली. चालायचंच.

३० मे
डोरीनचा फोन. रोज वाळूवर फिरते. इन्हेलर दोनदा घरीच विसरली म्हणून हसत होती. हा निष्काळजीपणा मला मुळीच आवडला नाही.
शेजारचा एन्झो कुंपणावरून म्हणाला, अरे मर्व्ह, सकाळी तुझ्याच छपरावरून धूर उतरतो रे! एन्झोनं चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला हवा.

९ जून
विजय! माझ्या फोनांना कंटाळून तिन्ही सरकारं एकदाची एकमेकांशी बोलली. केंद्रानं राज्याला, राज्यानं काउन्सिलला सांगितलं. गुरुवारी संध्याकाळी अधिकारी येणार. डोरीनला कळवलं, सामान आवरायला लाग. ती हं म्हणाली.

१२ जून
ब्रॉनविन नावाची अधिकारी आली. पाहुणीला थंडी वाजू नये म्हणून शेगडी आधीच भरून, खिटी लावून ठेवली होती. मी गिरणीकडे बोट दाखवत होतो, आणि बाई माझ्या धुराड्याचे फोटो काढत होती. म्हणाली, खिटी उघडी ठेवा, सुकी लाकडं जाळा, निजताना धुमसत ठेवू नका. नोटीस येईल.
चहाला थांबली नाही.

१७ जून
नोटीस आली. माझ्याच नावानं. राज्याकडे अपील होतं का, बघायला हवं.
आधी डोरीनला फोन केला. म्हटलं, अगं, दोष सापडला, आपली खिटी! आता उघडी ठेवतो, ये परत. ती म्हणाली, मर्व्ह, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यापासून हेच सांगत होते मी. मग सांगायचं सोडलं. इथे एक खोली भाड्यानं घेतलीय. उन्हाळ्यात ये भेटायला.
मी फोन कानाला घट्ट धरला. फोन चालू आहे की बंद, तेच कळेना. तिचा श्वास ऐकूच येत नव्हता. इथे घरात असताना पलीकडच्या खोलीतूनही त्याची घरघर ऐकू यायची.