बयाबाईचा पायगुण

मु. चांद्याचं जंगल

तीर्थरूप आईस रायबाचा दंडवत.

माझा ताप उतरला, भाकरीही पोटभर मिळते, काळजी करू नको. आबांचा खोकला कसा आहे? शेरडं कोण चारतं?

हितं आमी साग पाडतो. परवा जंगलखात्याच्या साहेबानं बुंध्यावरची वलयं दाखवली. साग वर्षाला एक वलय धरतो. पाऊस चांगला तर रुंद, न्हाईतर दोऱ्यासारखं बारीक. मोजत आत गेलो, तर बयाबाई माझी बायको होऊन आपल्या घरात आली त्या वर्षाचं वलय सगळ्यांत बारीक. साहेब म्हणाला, "त्या साली समुद्रावरनं वारंच कमी आलं. मुलूखभर पाऊस न्हाई."

आई, सुनेच्या पायगुणानं पाऊस गेला, असं तू सगळ्या पाली गावात सांगत फिरलीस. तिला उत्रोलीला माहेरी घालवलंस. मग ह्या सागाला तिचा पाय कधी लागला? ती तर भोरच्या पलीकडं कधी गेली न्हाई.

हे पत्र शाळेत जाणाऱ्या गेणूकडून मोठ्यानं वाचून घे. शेजारणींनाही ऐकू जाऊ दे.

दिवाळीला येतोय, पण आधी उत्रोलीला जाणार. बयाबाई तवाही तिथंच असली, तर तिला घेऊन तिथनंच चांद्याला परत फिरेन.

आबांच्या पायावर हितनंच डोकं ठेवतो. तुझ्या पाया पडायला घरी यायचं का न्हाई, ते तू ठरव.

तुझा,
रायबा